गाण्याच्या मास्तरांचा संग्रह वाचनालयात आलाय: संगीत ग्रंथपालांची संघटना नेमकं काय करते, आणि आमच्या काय कामाची?

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. मदतीला एक शिपाई, आणि सुट्टीत हौसेनं येणारी कॉलेजची दोन-चार मुलं.

आमच्या गावात गाण्याच्या शिकवण्या घेणारे एक मास्तर होते. ते वारले, मुलगे पुण्याला, वाडा विकायला काढला. मग मास्तरांचा सगळा संग्रह टेम्पोत घालून आमच्या दारात. अध्यक्षांनी फोटो काढून घेतला, शाल-श्रीफळ झालं आणि पसारा माझ्या टेबलावर आला.

काय काय आहे ते सांगते. पत्र्याच्या दोन ट्रंकांत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या. गोणीभर कॅसेटी, त्यातल्या निम्म्यांवर फक्त 'यमन' किंवा 'बुवा, मिरज' एवढंच बॉलपेननं. काही स्पूल, म्हणजे टेपची रिळं. छापील नोटेशनची पुस्तकं. आणि ज्यासाठी जीव अडकलाय त्या मास्तरांच्या हातच्या वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या चोपड्या घेऊन त्यांनी आयुष्यभर बंदिशी उतरवल्यात. जमा-नावेच्या रकान्यांत मात्रा बसवल्यात!

छापील पुस्तकं दाखल रजिस्टरला चढवून ७८० ला, म्हणजे संगीताच्या वर्गांकाला, लावून मोकळी झाले. बाकीच्याचं काय करू? कार्यकारिणीत एक जण म्हणतात, सगळं स्कॅन करा. दुसरे म्हणतात, कॅसेटीला दाखल क्रमांक दिलात तर तपासणीच्या वेळी उत्तर तुम्हीच द्या. शोधता शोधता कळलं की अमेरिकेत संगीत ग्रंथपालांची राष्ट्रीय संघटनाच आहे. ग्रंथालयशास्त्राच्या कोर्सला आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ही माणसं नेमकं करतात काय? आणि त्यातलं माझ्यासारखीला, शून्य बजेटमध्ये, काय उचलता येईल?

मीच_तो

ताई, सगळं यूट्यूबवर आहे हो. कशाला डोक्याला ताप करून घेताय. तबकड्या कॅफेवाल्याला विका, भिंतीवर छान दिसतात.

लाखेची_तबकडी

वरच्या महाशयांना उत्तर देत बसत नाही, तबियत बिघडते.

ताई, तबकड्यांपुरतं मी सांगू शकतो, ठाण्याला माझ्याकडे बऱ्यापैकी संग्रह आहे. पहिली गोष्ट, ट्रंकेतून काढून उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. उभ्या म्हणजे सरळ उभ्या, तिरक्या टेकलेल्या नव्हेत, नाहीतर वाकतात. दुसरी, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसू नका. तबकडीत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका नातेवाइकानं माझ्या देखत एक छान नाट्यपद असं धुऊन काढलंय. कोरडा मऊ ब्रश बास झाला. तिसरी, एलपीच्या सुईवर वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, सुई तळाशी घासत जाते, आवाजही येत नाही आणि तबकडीही जाते.

लेबलवर जे असेल ते सगळं लिहून घ्या. कंपनीचा क्रमांक लेबलवर असतो. दुसरा एक क्रमांक लेबलच्या कडेला, लाखेतच उमटवलेला असतो, तो तिरप्या उजेडात टॉर्च धरून वाचावा लागतो. तो खरा मोलाचा, कारण तो त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाचा असतो. एकच मुद्रण पुढे वेगळ्या लेबलवर, वेगळ्या क्रमांकानं विकलेलं सापडतं.

तालिकेतली_बाई

कृष्णाकाठताई, मी मूळची डोंबिवलीची, आता अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात तालिकाकार आहे, म्हणजे ग्रंथालयातल्या वस्तूंच्या नोंदी करणारी. तुम्ही म्हणताय त्या संघटनेची वर्गणी भरणारी सभासद. त्यामुळे कौतुक आणि कुरकुर दोन्ही ऐकून घ्यावी लागेल. चहा घेऊन बसा.

संघटनेचं नाव म्युझिक लायब्ररी असोसिएशन. १९३१ साली येल विद्यापीठात स्थापन झाली. येलच्याच संगीत ग्रंथपाल ईव्हा ज्युड ओमीरा यांनी १९३४ मध्ये 'नोट्स' नावाचं पत्रक सुरू केलं. १९४३ पासून त्याची दुसरी मालिका चालू आहे, त्रैमासिक. त्यात लेख असतात, पण आमच्यासारखे लोक आधी मागची पानं उघडतात: नव्या पुस्तकांची आणि नव्या छापील संगीताची परीक्षणं, आणि काय काय प्रकाशित झालं त्याच्या याद्या. कुठली आवृत्ती घ्यावी आणि कुठल्या आवृत्तीत संपादकानं स्वतःची अक्कल पाजळलीय, हे कळतं.

बाहेरच्याला दिसते ती वार्षिक परिषद. निबंध, समित्या, पुन्हा समित्या, समित्यांच्या उपसमित्या. हॉटेलचं भाडं बघून दरवर्षी मी शिव्या घालते आणि दरवर्षी जाते. शेवटच्या रात्री संघटनेचा स्वतःचा बिग बँड वाजतो. दिवसभर स्वल्पविरामावरून भांडणारे तालिकाकार सॅक्सोफोन घेऊन उभे असतात. आपल्याकडच्या ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात हे व्हायला हरकत नाही, पेटी-तबला तर सगळीकडेच मिळतो.

पण संघटनेचं खरं काम मला विचाराल तर एकच: एका रचनेला एक नाव ठरवणं, आणि ते नाव सगळ्यांनी पाळणं. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं.

उदाहरण देते. ड्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी. जुन्या छापील प्रतींवर तिचा क्रमांक ५ आहे. आज सगळं जग तिला नववी म्हणतं, कारण त्याच्या पहिल्या चार सिंफनी त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नव्हत्या. मुखपृष्ठ कधी जर्मन, कधी चेक, कधी इंग्रजी. कुणी 'नव्या जगातून' म्हणतं, कुणी नुसतं 'ओपस ९५' (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक). विद्यार्थी काउंटरवर येऊन म्हणतो, नववी द्या. तालिकेत प्रत्येक प्रत तिच्या मुखपृष्ठावरच्या नावानं नोंदवली असेल, तर कपाटात सात प्रती असून त्याला दोन सापडतील. म्हणून प्रतीवर काहीही छापलेलं असो, नोंदीत एक ठरीव शीर्षक जातं: सिंफनी, क्रमांक ९, ओपस ९५, ई मायनर. बेटोफनच्या 'मूनलाइट'चंही तेच. ते नाव त्यानं दिलेलंच नाही, तो गेल्यावर एका समीक्षकाच्या लिखाणातून ते चिकटलं. आमच्याकडे ती 'सोनाटा, पियानो, क्रमांक १४, ओपस २७, क्रमांक २, सी शार्प मायनर'. रुक्ष आहे, कबूल. पण 'मूनलाइट' शोधणाराही तिथेच पोचतो आणि 'चौदावा' शोधणाराही.

हे नियम आभाळातून पडले नाहीत. संगीताच्या नोंदी पुस्तकांच्या नियमांत कोंबता येत नाहीत, हे संघटनेच्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून पटवलं. १९५८ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनबरोबर मिळून छापील संगीत आणि ध्वनिमुद्रिका यांच्या नोंदीची संहिता निघाली. १९७० मध्ये 'म्युझिक कॅटलॉगिंग बुलेटिन' सुरू झालं, कुठला नियम बदलला, कुठलं विषयशीर्षक नवं आलं, ते त्यात. आता वेगवेगळ्या ग्रंथालयांतले लोक एकाच सामायिक फाइलमध्ये संगीतकारांची आणि रचनांची ठरीव नावं भरतात. एकानं नोंद केली की बाकीच्यांना फुकट. वाद्यांच्या आणि आवाजांच्या नावांचा कोश लायब्ररी ऑफ काँग्रेसनं संघटनेच्या लोकांना हाताशी धरून केला. मी स्वतः एका दुपारी 'मृदंग म्हटलं की कुठलं' यावर ईमेलची मोठी माळ वाचलेली आहे.

या कामाला कोणी शाल-श्रीफळ देत नाही.

'मीच_तो' यांना एक सांगते. यूट्यूबवर आज असलेलं उद्या असेलच असं नाही, हे एक. दुसरं, इकडे काही मुद्रणं फक्त डाउनलोड म्हणून निघतात, आणि अटींत लिहिलेलं असतं की वापर फक्त वैयक्तिक. म्हणजे ग्रंथालयानं पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी कायदेशीर विकत घेता येत नाही. सीडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. संघटनेनं हा विषय बरीच वर्षं लावून धरलाय. ध्वनिमुद्रित संग्रहवाल्यांची वेगळी संघटना आहे, १९६६ ची. जुन्या मुद्रणांच्या हक्कांसाठी तिनं फार झुंज दिली. अमेरिकेत १९२३ पूर्वीची मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला खुली झाली ती २०१८ च्या कायद्यामुळे. नाहीतर त्यातली कित्येक २०६७ पर्यंत अडकून पडणार होती.

आता तुमच्या पसाऱ्याकडे. एकच हट्ट धरते: आधी यादी, मग स्कॅनर. स्कॅन केलेली आठशे चित्रं 'आयएमजी ००४१' अशा नावांनी एका हार्ड डिस्कवर पडली की संग्रह ट्रंकेतून डब्यात गेला, एवढाच फरक. यादी तुम्ही एकटी, पेन आणि रजिस्टर घेऊन करू शकता.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

ताई, दंडवत. 'आधी यादी' हे वाक्य कार्यकारिणीत वाचून दाखवणार आहे.

आता अडचण सांगते. छापील सिंफनीवर निदान ओपस तरी आहे. माझ्या वह्यांत बंदिशीला नावच नाही. 'राग यमन, त्रिताल' असं पानावर, आणि खाली सुरू. यमनच्याच तीस-पस्तीस निघतील. कोणी केली तेही नाही. ठरीव नाव कशाचं ठरवू? आणि सगळं ७८० मध्येच ठेवू का?

वादी_संवादी

मध्येच बोलते, गाणं शिकवते म्हणून. बंदिश कोणी केली ते पुष्कळदा बंदिशीतच असतं. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, मुद्रा बघा, म्हणजे रचनाकारानं शब्दांत गुंफलेलं आपलं नाव. सदारंग आला की न्यामत खाँ. 'प्रेमपिया' दिसलं की उस्ताद फैयाज खाँ. 'गुणीदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. मात्र डोळे झाकून विश्वास नको. सदारंगाचं नाव घालून नंतरच्या लोकांनी पुष्कळ बांधल्यात, मान म्हणून म्हणा किंवा चीज खपावी म्हणून म्हणा.

आणि मास्तरांनी फक्त अस्ताई, म्हणजे पहिला भाग, उतरवून अंतरा सोडला असेल तर तो आळस समजू नका. पूर्ण चीज कागदावर द्यायची नाही, अशी जुन्या लोकांची पद्धत होती.

तालिकेतली_बाई

वादी_संवादी, हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्याकडे याच कामाला नावांची अधिकृत नोंद म्हणतात. एक माणूस, त्याची सगळी नावं, आणि त्यातलं एक ठरीव. संगीतशास्त्रकार भातखंडे घ्या. काही लिखाण 'चतुर पंडित' या नावानं, काही 'विष्णुशर्मा' या नावानं, आणि रोमन लिपीत त्यांचं आडनाव जेवढे प्रकाशक तेवढ्या तऱ्हांनी. या सगळ्यांना एका दोरीत बांधलं नाही तर तालिकेत चार भातखंडे तयार होतात. तुम्ही एक वेगळी वही घाला, त्यात फक्त मुद्रा आणि त्यांची माणसं. 'मुद्रेवरून' एवढं शेजारी लिहायचं, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की हे छापील पुराव्यावरून नाही.

आता बंदिशीचं नाव. युरोपात हाच प्रश्न हस्तलिखितांचा होता. हजारो वह्या, नुसतं 'सोनाटा' किंवा 'आरिया' लिहिलेलं, कर्त्याचा पत्ता नाही. संगीत ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये पॅरिसला स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी तिनं संगीतशास्त्रज्ञांच्या संस्थेबरोबर जुन्या संगीताच्या साधनांची जागतिक सूची हाती घेतली. ती सूची आज दहा लाखांहून जास्त नोंदींची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. त्यांनी काय केलं, तर रचनेचे सुरुवातीचे स्वर नोंदीतच घातले. नाव नसलं तरी सुरुवात असतेच. एका मठातली निनावी वही आणि दुसऱ्या शहरातली नाव असलेली वही पहिल्या सात-आठ स्वरांवरून जुळली की निनावीला बाप सापडला. असे किती तरी सापडलेत. आणि प्रत्येक ग्रंथालयाला एक छोटं चिन्ह, देश आणि गावावरून, म्हणजे कुठली प्रत कुठे हे दोन अक्षरांत.

तुमचं ठरीव नाव तेच: पहिली ओळ. शेजारी राग, ताल, लय, आणि समेपर्यंतचे स्वर मास्तरांनी लिहिलेत तसेच. यमनच्या पस्तीस आपोआप वेगळ्या होतील. फक्त लेखनाचा एक नियम आधी ठरवा. 'एरी आली पिया बिन' हीच बंदिश कुणी 'ए री आली' लिहितं, कुणी 'येरी आली'. तुमच्या रजिस्टरात एक रूप पक्कं, बाकीची 'पाहा' म्हणून. ब्रजभाषेचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका, तो आपला प्रांत नाही.

७८० बद्दल. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात ऑस्कर सॉनेकनं १९०४ मध्ये संगीताचे तीन भाग पाडले, ते आजही चालतात: प्रत्यक्ष संगीत, संगीताविषयीचं लिखाण, आणि शिकण्या-शिकवण्याची पुस्तकं. तुम्ही ड्यूई, म्हणजे ७८० वालं वर्गीकरण, सोडू नका, तपासणीला तेच लागतं. पण कपाटात या तीन रांगा करा. गायकाचं चरित्र आणि बंदिशींची वही एकाच फळीवर असली की चरित्र वाचणाराही वैतागतो आणि गाणाराही. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं शिकवायची की गायची यावर कोणी वाद घातला तर सरळ वह्यांशेजारी ठेवा. वापरणारा तिथेच शोधणार.

तबकड्यांना रचनाकार आणि गाणारा हे दोन रकाने वेगळे ठेवाच. नाट्यपदांत तर तीन लागतील. 'मानापमान'मधलं पद असेल तर शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गाणारा तिसराच. लेबलवर बऱ्याचदा नाटक आणि गाणारा एवढंच असतं. बाकीचं तुम्ही चौकटी कंसात भरायचं. आमचा नियमच आहे, वस्तूवर नसलेलं चौकटी कंसात.

लाखेची_तबकडी

यावर एक पुरवणी. अगदी सुरुवातीच्या तबकड्या असतील तर शेवटपर्यंत ऐका. भारतात ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये सुरू झाली. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कामगाराला कळावं कोणाची तबकडी आहे म्हणून गाणारे शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. गायिका गौहर जानचं इंग्रजीतून नाव सांगणं त्यामुळेच प्रसिद्ध आहे. लेबल फाटलेलं असेल तर हाच पुरावा.

आणि कृपा करून पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, लिहू नका. ७८ हा आकडा पुढे पक्का झाला, आधी वेग कमी-जास्त असायचे. यंत्रावर काळी चार ऐकू आली म्हणून बाई काळी चारमध्ये गात होत्या असं होत नाही. इंटरनेटवर यावरून मोठमोठे सिद्धांत मांडलेत लोकांनी.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

कळलं. स्पूलचं काय? एका स्पूलच्या खोक्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतोय. आणि वह्या वाचकांना देवघेवीत द्यायच्या का? गावातले दोन गायक आतापासूनच मागे लागलेत. एकानं तर 'झेरॉक्स मारून द्या' म्हणून निरोप पाठवला.

तालिकेतली_बाई

आंबूस वासाचा स्पूल आजच्या आज बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. जुन्या फिती ॲसिटेटच्या असायच्या, त्या सडायला लागल्या की हा वास येतो आणि शेजारच्यांनाही लागण होते. सगळी स्पूल एकेक करून उजेडासमोर धरा. गुंडाळी आरपार उजेड दाखवत असेल तर ॲसिटेट, उजेड अडवत असेल तर पॉलिएस्टर. ॲसिटेटवाल्यांना पहिला नंबर. गावात कोणाकडे जुनं यंत्र आहे म्हणून हौसेनं लावून बघू नका, एकदाच वाजण्याइतका दम असला तर तो वाया जायचा. प्रतीचं काम जाणत्याकडूनच, आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल मागा. एमपीथ्री ऐकायला द्यायची, जपायची ती ही. कॅसेटींच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर गणपतीच्या आरत्या रेकॉर्ड व्हायच्या नाहीत.

वह्या देवघेवीत अजिबात नाही. संदर्भ विभागात, टेबलावर, तुमच्या नजरेसमोर.

छापील नोटेशनचं वेगळं सांगते, कारण आमचा अर्धा दिवस त्यातच जातो. संगीताची प्रत पेटीवर किंवा स्टँडवर उघडी राहिली पाहिजे. बाइंडरकडे दिलीत की तो पुस्तकासारखी घट्ट शिवून, कडा कापून आणतो. मग दोन्ही हात पान धरण्यात, वाजवायचं कशानं? आमच्याकडे पातळ प्रती मधोमध दोऱ्यानं शिवतात, तारेची पिन नाही, ती गंजते. चौघांनी वाजवायची रचना असेल तर प्रत्येकाचा भाग सुटा, पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात, आणि खिशावर चिठ्ठी: '१ स्कोअर, ४ भाग' (स्कोअर म्हणजे सगळ्यांचे भाग एकत्र असलेली प्रत). परत आलं की काउंटरवर भाग मोजायचे. दुसऱ्या व्हायोलिनचा भागच नेमका कुणाच्या तरी गादीखाली राहतो. तो एक कागद गेला की पूर्ण संच निकामी. तुमच्या बाइंडरला बोलावून समोर एक प्रत पेटीवर ठेवून दाखवा. सांगून कळत नाही त्यांना.

छापील पुस्तकांवर साल नसेल तर दचकू नका. संगीताचे प्रकाशक मुद्दाम साल छापत नसत, माल जुना दिसू नये म्हणून. युरोपातल्या प्रतींवर पानाच्या तळाशी प्लेटचा क्रमांक असतो, त्यावरून आम्ही साल काढतो. आपल्याकडे छापखान्याचं नाव, पत्ता आणि किंमत उतरवा. आण्यात किंमत असेल तर निदान १९५७ च्या आसपासची किंवा आधीची हे तरी कळतं.

झेरॉक्सवाल्यांना थांबवा. मास्तरांच्या मुलांकडून देणगीपत्र घेतलंय का? वस्तू दिली म्हणजे हक्क दिला असं होत नाही. मास्तरांनी स्वतः बांधलेल्या बंदिशींचा हक्क वारसांकडे आहे. पारंपरिक चिजा कुणाच्या मालकीच्या नाहीत. एका कागदावर लिहून घ्या: वह्या जतनासाठी स्कॅन करायला, टेबलावर वाचायला द्यायला आणि शिकणाऱ्याला नक्कल द्यायला परवानगी आहे की नाही. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळ्या सह्या. व्यापारी तबकड्यांच्या मुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं, पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, तो शब्द आणि चाल करणाऱ्यांच्या मृत्यूपासून. वेबसाइटवर टाकायची घाई नको.

वादी_संवादी

मुलांची परवानगी झाली तरी मास्तरांच्या शिष्यांना एकदा बोलवा. 'ही चीज माझ्या गुरूंनी कोणाला देऊ नका म्हणून दिली होती' असं म्हणणारा एक तरी निघेल. कायद्यात बसत नसेल, पण ऐकून घ्या आणि नोंदीत घाला. शिवाय कॅसेटीवरचा 'बुवा, मिरज' कोण, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगणार नाही. त्यांची वयं बघता, हे काम स्कॅनरच्याही आधी.

मीच_तो

मी गंमत केली होती हो. आमच्या आजोबांकडेही दोन वह्या आहेत कीर्तनातल्या पदांच्या. फोटो टाकू का इथे?

तालिकेतली_बाई

फोटो नको, आधी पहिल्या ओळींची यादी करा. तुम्हालाही तोच नियम.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

आज दुपारी पहिली वही काढली. मुलांनी मोबाइलवर टॉर्च धरला आणि मी लिहिलं. नमुना टाकते, चुकत असेल तर आताच सांगा, पुढे सगळं याच साच्यात जाणार आहे.

वही १, पान ७. पहिली ओळ: एरी आली पिया बिन. राग: यमन. ताल: त्रिताल. लय: द्रुत. अंतरा: अर्धा. मुद्रा: आढळली नाही. रचनाकार: मास्तर. शेरा: समासात पेन्सिलीनं काही लिहिलंय, बंदिशीशी संबंध नाही म्हणून सोडलं.

तालिकेतली_बाई

साचा उत्तम. दोन दुरुस्त्या. रचनाकाराच्या रकान्यात मास्तर नकोत. वही त्यांनी लिहिली, बंदिश त्यांनी बांधलेली नाही, ती परंपरेनं आलेली आहे. 'लेखन' असा वेगळा रकाना करा, तिथे मास्तर. पुढे त्यांची स्वतःची बंदिश निघेल तेव्हा दोन्ही रकान्यांत त्यांचं नाव येईल आणि तेवढ्यावरूनच त्यांच्या रचना वेगळ्या काढता येतील.

आणि समासातलं सोडू नका. काय लिहिलंय?

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

'बुवांनी गुरवारी सांगितली. निषाद असा नाही.' गुरवारी असंच लिहिलंय.

वादी_संवादी

'निषाद असा नाही'!! म्हणजे खालच्या नोटेशनमधला निषाद मास्तरांनी ऐकून दुरुस्त करायचा म्हणून खूण केलीय. तिथे खाडाखोड आहे का बघा ना, सम येते त्याच्या आधीच्या दोन मात्रांत.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

आहे. खोडून वर दुसरं काहीतरी आहे, नीट लागत नाही. उद्या भिंग आणते.

तालिकेतली_बाई

दोन्ही उतरवा, खोडलेलंही. 'गुरवारी' तसंच ठेवा. आणि वहीवर पान क्रमांक घालताना पेन्सिल वापरा, कोपऱ्यात, बारीक. रबरी शिक्का आतल्या पुठ्ठ्यावर एकच, बंदिशीच्या पानावर नको, अध्यक्ष काहीही म्हणोत.